प्रवासाला खिशात मावेल असा छोटा डिजिटल कॅमेरा : वापरणाऱ्यांचे अनुभव हवेत

गोदाकाठ | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, सासूबाई आणि नववीतली लेक, हंपी-बदामी-पट्टदकल करणार आहोत, घरच्या गाडीने, सोलापूर-विजापूरमार्गे. यावेळी मला फोनवर फोटो काढायचे नाहीयेत. मागच्या दिवाळीत वेरूळला गेलो तेव्हा कैलास लेण्यापर्यंत पोचायला दुपारचे दोन झाले, फोनची बॅटरी २० टक्के, आणि त्याच फोनवर मॅप, पेमेंट, हॉटेलचं बुकिंग सगळं, त्यामुळे नवरा म्हणाला आता फोटो बास. सासूबाई सत्तरीच्या, गुडघे दुखतात, त्यांचं परत वेरूळला जाणं होईल असं वाटत नाही आणि कैलासासमोर त्यांचा एकही धड फोटो नाही. आतल्या अंधारातले तीन आहेत, तिन्हीत चेहरा पुसून काढल्यासारखा. ते मला फार लागलं.

माहेरी वडिलांनी २००८ ला घेतलेल्या ८ मेगापिक्सेलच्या साध्या कॅमेऱ्यातला आईचा नाशिकच्या रामकुंडावरचा फोटो अजून भिंतीवर आहे. नंतरच्या दहा वर्षांतले माझे हजारो फोटो फोनात पडलेत, एकही छापलेला नाही.

तर: बजेट ४५ हजारापर्यंत, सेकंडहँड चालेल, डीएसएलआर नको, पर्समध्ये बसला पाहिजे. देवळांतल्या अंधारात चालला पाहिजे. आणि थंडीत आम्ही नांदूर मध्यमेश्वरला दोनतीनदा जातो, तिथे पक्षीही टिपता आले पाहिजेत. ज्यांनी स्वतः वापरलाय त्यांनी सांगा, दुकानदार जे सांगतात ते ऐकून झालंय.

कांदेपोहे | रविवार, रात्री १०:०५

ताई, ४५ हजारात चांगला फोन नाही का येणार? हल्लीचे फोन अंधारात एकदम चारपाच फोटो काढून जोडतात, रिझल्ट खरंच चांगला येतो. वीस हजारात पॉवरबँकसकट सोय होऊन वर पैसे उरतील. मी मनापासून विचारतोय, कारण मलाही कॅमेरा घ्यावासा वाटतो आणि दरवेळी इथेच अडतो.

वाटसरू_०२५३ | रविवार, रात्री ११:३०

गोदाकाठ ताई, माझ्याकडे सोनीचा आरएक्स१०० मार्क ३ आहे, २०१६ पासून, अजून रोज वापरात. हे मॉडेल २०१४ चं. वजन २९० ग्रॅम, जीन्सच्या पुढच्या खिशात बसतो (घट्ट जीन्स नको). लेन्स २४ ते ७० एमएम समतुल्य (आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं), एफ १.८ ते २.८ (हा आकडा लहान तेवढा उजेड जास्त).

अजिंठ्याचं सांगतो कारण तुमच्या कामाचं आहे. तिथे आत फ्लॅश बंद, दिवे मंद, गर्दी मागून ढकलत असते. मी आयएसओ (कॅमेऱ्याला उजेड किती जाणवावा तो आकडा) १६००, एफ १.८ आणि शटर १/१५ सेकंदावर श्वास रोखून भिंतीला पाठ टेकवून पद्मपाणीच्या चित्राचा फोटो काढलाय, तो १२ बाय १८ इंचांत छापून हॉलमध्ये आहे. लेन्समध्ये स्टॅबिलायझर असल्यामुळे १/१५ ला हात थरथरला तरी चालून जातं, पण समोरचा माणूस हलला तर मात्र काही इलाज नाही, त्याला शटर १/६० तरी पाहिजे आणि आयएसओ वाढवावा लागतो.

दुसरं, यात एक बारका व्ह्यूफाइंडर वर उचलून येतो. मला आधी तो चोचला वाटला होता. पण हरिहर गडाला हर्षेवाडीच्या बाजूने चढताना डोक्यावर ऊन, स्क्रीनवर काहीच दिसेना तेव्हा तो डोळ्याला लावला आणि काम झालं. त्या उभ्या पायऱ्यांवर दोन्ही हात खोबण्यांत असतात, गळ्यात कॅमेरा असेल तर दगडावर आपटतो, तिथे खिशातलाच पाहिजे.

तिसरं, आत एनडी फिल्टर आहे, म्हणजे लेन्सला काळा चष्मा. सोमेश्वरच्या धबधब्याला ढगाळ दिवशी १/४ सेकंद ठेवून पाणी रेशमासारखं आणता येतं, रेलिंगवर कॅमेरा ठेवून २ सेकंदाचा टायमर लावायचा.

खटकणाऱ्या गोष्टी पण सांगतो. बॉडी साबणासारखी गुळगुळीत, मी पुढे रबराची पट्टी चिकटवलीये. टचस्क्रीन नाही. ७० एमएमला पक्षी म्हणजे फोटोतला ठिपका, नांदूरला हा नेऊन काही उपयोग नाही हे आधीच सांगतो. बॅटरी एका चार्जवर कागदावर ३२० फोटो, माझा अनुभव २५० च्या आसपास, दोन जास्तीच्या बाळगतो. मायक्रो यूएसबीवर गाडीत चार्ज होतो हे बरं.

@कांदेपोहे, तुझा प्रश्न रास्त आहे. उजेडात आणि फोनच्या स्क्रीनवर बघायचं असेल तर फोन कुठेच कमी नाही. ताईंची अडचण वेगळी आहे, फोन दुसऱ्या कामात अडकलेला असतो.

रीळवाला | सोमवार, सकाळी ७:१५

मी ३२ वर्षं फोटो स्टुडिओत काम केलं, रीळ धुण्यापासून डिजिटल लॅबपर्यंत, आता निवृत्त. थोडं मुळापासून सांगतो म्हणजे पुढचे प्रतिसाद वाचताना गोंधळ होणार नाही.

दुकानात गेलात की मेगापिक्सेल आणि झूम हे दोनच आकडे तोंडावर फेकतात. बघायचा असतो सेन्सर, म्हणजे जुन्या भाषेत रिळाची चौकट. स्वस्त आणि मोठ्या झूमच्या छोट्या कॅमेऱ्यांत जो सेन्सर असतो त्याला १/२.३ इंची म्हणतात, तो साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. आरएक्स१०० किंवा कॅननच्या जी७एक्स मध्ये असतो तो "१ इंची", १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. (नावाप्रमाणे तो एक इंच भरत नाही, जुन्या व्हिडिओ ट्यूबच्या मापावरून ते नाव चालत आलंय.) क्षेत्रफळ काढा, पहिल्याचं २८ चौरस मिलिमीटर, दुसऱ्याचं ११६. चौपट. पावसात वाटी ठेवली आणि पातेलं ठेवलं तर पाणी कशात जास्त जमेल, तसंच उजेडाचं. वर लेन्स एफ ३.३ ऐवजी एफ १.८ असेल तर आणखी तिप्पट उजेड आत येतो. देवळाच्या गाभाऱ्याबाहेर उभं राहून फोटो काढायचा तर हे दोन आकडे कामाला येतात.

मग मोठ्या सेन्सरला मोठा झूम का देत नाहीत? कारण सेन्सर मोठा झाला की त्याच झूमला लागणारी लेन्स लांबीरुंदीने वाढते आणि कॅमेरा खिशात राहत नाही. देऊळ आणि पक्षी दोन्ही एका पर्समध्ये बसवायचं म्हटलं की दोन्हीकडे पाणी सोडावं लागतं. एक ठरवा. ताई, माझं मत विचाराल तर तुम्ही धागा सासूबाईंच्या फोटोसाठी काढलाय, पक्षी नंतर आले.

मॉडेल जुनं आहे म्हणून घाबरू नका. कॅमेरा कंपन्यांच्या जपानी संघटनेचे आकडे आहेत, २०१० ला जगात १० कोटींहून जास्त छोटे कॅमेरे विक्रीला गेले, २०२३ ला जेमतेम १७ लाख. फोनने बाजार खाल्ला म्हणून कंपन्यांनी नवीन मॉडेल काढणंच कमी केलं, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा चांगला कॅमेरा आजही चांगलाच आहे.

निफाडची_थंडी | सोमवार, दुपारी १:५०

रीळवाले काका एकदम समजेल असं सांगितलंत.

मी कॅनन एसएक्स७४० वापरतो, ४० पट झूम, २४ ते ९६० एमएम, वजन ३०० ग्रॅमच्या आतच. माझी द्राक्षबाग आहे, घेतला तो बागेसाठी. पानावरचा रोग डाऊनी आहे की भुरी हे सल्लागारांना फोटो पाठवून विचारायचं तर फोटो स्पष्ट पाहिजे, आणि गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) रोज त्याच ओळीचे फोटो काढून ठेवतो, मागच्या वर्षी याच दिवशी फुटवा केवढा होता ते लगेच कळतं. त्या कामाला झकास. खिशात मातीचा हात घालून काढतो बिचारा चालतो.

झूमचं म्हणाल तर बांधावरून पलीकडच्या बाभळीवरचा खंड्या चोचीतल्या माशासकट आलाय. पौर्णिमेच्या चंद्रावरचे खड्डे दिसतात, पोरं खूश. पण सकाळी ८ ते संध्याकाळी ५ एवढाच हा कॅमेरा. पूर्ण झूमला लेन्स एफ ६.९ होते, थोडं ढगाळ झालं की फोटो रवाळ येतो, आणि आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं धुकं असतं, पक्षी तेव्हाच जवळ असतात, नेमकं तेव्हा हा थकतो. रॉ फाईल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाईल) पण मिळत नाही म्हणजे नंतर काँप्युटरवर फार दुरुस्ती नाही होत. लेकीच्या साखरपुड्याला हॉलमध्ये वापरला, फ्लॅशशिवाय एकही फोटो ठेवण्यासारखा नाही. फ्लॅश मारला तर मात्र छान, खरा झेनॉन फ्लॅश आहे, फोनच्या दिव्यासारखा नाही, माणूस हलला तरी थिजवून टाकतो.

हंपीच्या देवळांत आतून काढायचं असेल तर हा घेऊ नका असंच सांगेन, माझा असून.

पाणपक्षी | सोमवार, रात्री ८:२०

नांदूर मध्यमेश्वरचं नाव निघालं म्हणून आले. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथला हा बंधारा, राज्यातली पहिली रामसर साईट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), आणि चापडगावच्या मनोऱ्यावरून पक्षी बहुतेक वेळा शंभर-दोनशे मीटरवर असतात. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) तर आणखी लांब, पाण्याच्या मधोमध. तिथे खिशातला कुठलाही कॅमेरा कमीच पडतो. माझ्याकडे निकॉन पी९०० आहे, २०१५ चं मॉडेल, ८३ पट झूम, २००० एमएमपर्यंत. उघड्या चोचीच्या करकोच्याच्या चोचीतली फट दिसते त्यात. पण वजन ९०० ग्रॅम, लहान बाळासारखं सांभाळावं लागतं, पर्समध्ये विसरा. सेन्सर तोच १/२.३ इंची, त्यामुळे निफाडची_थंडी म्हणतात ते सगळं यालाही लागू, ऊन पाहिजेच.

गोदाकाठ, एक सुचवू का? प्रवासाला मोठ्या सेन्सरचा छोटा कॅमेरा घ्या, आणि नांदूरला दुर्बीण न्या. ८ बाय ४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी) साधी दुर्बीण तुमच्या बजेटमधून उरलेल्या पैशात येईल. सासूबाईंनाही मनोऱ्याखाली बसल्याबसल्या बघता येईल. फोटो हवे असतील तर माझा पी९०० आहेच, सोबत जाऊ.

गोदाकाठ | सोमवार, रात्री ९:१०

किती मनापासून लिहिताय सगळे. पाणपक्षी, दुर्बिणीचं डोक्यातच आलं नव्हतं, सासूबाई मनोरा चढत नाहीत, गाडीत बसून राहतात. हे फार आवडलं.

लेकीने आता नवीनच काढलंय, तिला जुना "डिजिकॅम" हवाय, वर्गातल्या मुलींनी घरातले जुने कॅमेरे काढलेत म्हणे. तसा घेऊ का एखादा स्वस्तात?

रीळवाला | सोमवार, रात्री ९:४५

लेकीसाठी विकत घेऊ नका, वडिलांचा २००८ चा शोधा. बॅटरी फुगलेली नाही ना तेवढं बघा, फुगली असेल तर आत दाबू नका. आणि कार्डाची गंमत असते. त्या काळातले बरेच कॅमेरे ३२ जीबीच्या वरचं कार्ड ओळखतच नाहीत, त्याहून जुने तर २ जीबीपर्यंतच. ऑलिंपस आणि फुजीच्या काही मॉडेलना एक्सडी नावाचं वेगळंच कार्ड लागायचं, ते आता सहजी मिळत नाही. आधी खाच बघा मग उत्साह करा.

त्या जुन्या सीसीडी सेन्सरचे रंग मुलांना आवडतात, उन्हात खरंच छान येतात. संध्याकाळ झाली की संपलं.

तिवंधा | मंगळवार, दुपारी १२:३०

पावसाचा आणि पाण्याचा विषय कुणी काढलाच नाही म्हणून लिहितोय.

माझ्याकडे ऑलिंपस टफ टीजी-६ आहे. १५ मीटर खोल पाण्यात चालतो, दोन मीटरवरून पडला तरी चालतो. घेतला तो फक्त आणि फक्त रंगपंचमीसाठी. बाहेरगावच्यांना सांगतो, नाशकात रंगपंचमीला रहाडी उघडतात, पेशवाईपासूनचे दगडी हौद, वर्षभर बुजवलेले असतात, त्या दिवशी उघडून रंगाच्या पाण्याने भरतात आणि लोक वरून उड्या मारतात. फोन काढायची सोय नाही. मी या कॅमेऱ्यासकट रहाडीत उडी मारलीये, पाण्याखालून वर बघत काढलेला फोटो आहे, वर गुलाबी उजेड आणि त्यात येणारे पाय. असा फोटो दुसऱ्या कशाने आला नसता.

याची लेन्स बाहेर येत नाही, झूम आतल्या आत होतो, त्यामुळे धूळ जायला जागाच नाही. एक सेंटिमीटरवरून मॅक्रो (अगदी जवळचा फोटो) काढतो, आंब्याच्या मोहरावरचा तुडतुडा डोळ्यांसकट दिसतो. सेन्सर छोटाच, १२ मेगापिक्सेल, पण रुंद बाजूला एफ २ असल्यामुळे अंधारात इतर छोट्या सेन्सरवाल्यांपेक्षा बरा. देवळासाठी मात्र वाटसरूंचाच घ्या.

एकच काळजी, बॅटरीच्या झाकणाला जी रबराची कड असते तिच्यावर केस जरी अडकला तरी पाणी आत जातं. प्रत्येक वेळी मऊ कापडाने पुसूनच बंद करायचं, आणि रंगातून आल्यावर साध्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवायचा.

नंतरचं मॉडेल टीजी-७, २०२३ ला आलंय, त्यात टाईप सी आहे.

कॉलेजरोड | मंगळवार, दुपारी ४:१५

+१ तिवंधा, रहाडीचा तो फोटो टाका ना.

माझा अनुभव कॅनन जी७एक्स मार्क ३ चा. २०१९ चं मॉडेल, ३०४ ग्रॅम, लेन्स २४ ते १०० एमएम एफ १.८ ते २.८, म्हणजे वाटसरूंच्या सोनीपेक्षा थोडा जास्त झूम, सेन्सर तेवढाच. टच आहे, स्क्रीन वर उलटी होते, माईक लावता येतो, त्यामुळे व्हिडिओ करणाऱ्यांमध्ये फार चालतो. माणसांच्या त्वचेचा रंग मला याचा आवडतो, आजीचे फोटो काढलेत, नऊवारीचा रंग आहे तसा येतो. व्ह्यूफाइंडर नाही, दुपारी दोनच्या उन्हात अंदाजानेच काढावं लागतं. टाईप सी आहे पण पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे जास्त ताकदीचा) चार्जर लागतो हे लक्षात ठेवा. बॅटरी कागदावर २३५ फोटो, दोन बॅटऱ्या पाहिजेतच. नवा तुमच्या बजेटच्या वर जातो, आधीचा मार्क २ सेकंडहँड बसेल, लेन्स तीच आहे.

भावाकडे रिको जीआर ३ आहे. झूमच नाही, फक्त २८ एमएम, पण सेन्सर मोठ्या कॅमेऱ्यातला, एपीएस-सी, आणि वजन २५७ ग्रॅम. भद्रकालीतल्या गल्ल्या, शालिमारची गर्दी, फुलबाजार, लोकांना कळतही नाही फोटो काढलेला. तो २०२७ च्या सिंहस्थाची तयारी म्हणून दर रविवारी गोदाघाटावर सराव करतो. पण घरच्या सहलीला द्यायला मी तो सुचवणार नाही, फ्लॅश नाही, झूम नाही, सासूबाई लांब पायरीवर बसल्या असतील तर चालत जावं लागेल.

जुनं_नाशिक | मंगळवार, रात्री १०:००

सिंहस्थाचं निघालं म्हणून. २०१५ ला २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबर अशा तिन्ही पर्वण्यांना मी रामकुंडाच्या परिसरात होतो, पहिल्या दोन्हींना छोटाच कॅमेरा घेऊन. त्या गर्दीत लेन्स बदलायला हात वर करता येत नाही. १३ तारखेला सकाळी साधूंच्या मिरवणुकीत पाण्याचे तुषार, भस्म, गुलाल सगळं एकदम अंगावर. लेन्स बाहेर आलेली होती, भस्म तिच्या नळीत गेलं, आणि दुपारपासून कॅमेरा चालू केला की कर्र आवाज आणि स्क्रीनवर लेन्सची एरर. कंपनीचं नाव घेत नाही, बाहेर येणाऱ्या लेन्सचा कुठलाही कॅमेरा असता तर हेच झालं असतं. दुरुस्तीला सेकंडहँड किमतीइतका खर्च सांगितला. पुढच्या पर्वणीला कॅमेराच नव्हता, अजून हळहळ वाटते.

तेव्हापासून धुळीत किंवा गुलालात कॅमेरा बंद करताना आधी लेन्सच्या नळीवर हलका ब्रश फिरवतो, मगच आत जाऊ देतो. उडवायचा रबरी फुगा पर्समध्ये ठेवा, २०० रुपयांत मिळतो. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक थेंब जातात. हंपीत डिसेंबरात धूळ असते, हे नक्की करा.

गोदाकाठ | बुधवार, रात्री ८:५०

ठरलं. एम जी रोडवरच्या एका दुकानात सेकंडहँड आरएक्स१०० मार्क ३ आहे, २९ हजार सांगतात, बॉक्स आहे, बिल नाही. कॉलेजरोडनी सांगितलेला मार्क २ पण बघितला, पण तो सासूबाईंच्या हातात दिला तर त्यांना उन्हात काही दिसेना, आणि सोनीचा व्ह्यूफाइंडर डोळ्याला लावल्यावर म्हणाल्या, "हे जुन्या कॅमेऱ्यासारखं आहे, मला जमेल." बघायला काय काय बघू?

रीळवाला | बुधवार, रात्री ९:३०

चालू-बंद दहा वेळा करा, झूम पूर्ण आतबाहेर करा, कुठे अडखळतोय का, आवाज बदलतोय का ते कानाने ऐका. मग एफ ८ वर, पूर्ण झूम करून, दुकानाच्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा, राखाडी ठिपके दिसले तर आत धूळ आहे. मोबाईलचा टॉर्च लावून लेन्समध्ये तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी, हात जोडून बाहेर या, ती वाढतच जाते. व्ह्यूफाइंडर वर उचलून डोळ्याचा भाग मागे ओढला जातोय ना, फ्लॅश पेटतोय ना, कार्ड घालून काढलेले फोटो घरी काँप्युटरवर उघडून बघेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. बिल नसेल तर दुकानाची सहीशिक्क्याची पावती आणि किमान पंधरा दिवसांची हमी लिहून घ्या. चोरीचा माल असू शकतो म्हणून कॅमेऱ्याचा नंबर त्या पावतीवर असलाच पाहिजे.

आणि घेतल्यावर चामड्याच्या केसमध्ये कपाटात ठेवू नका. आपल्याकडे पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि बुरशी तिथूनच येते. घट्ट झाकणाचा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून चारदोन फोटो काढा. वापरातल्या कॅमेऱ्याला सहसा बुरशी लागत नाही.

वाटसरू_०२५३ | बुधवार, रात्री १०:१०

रीळवाले काका, वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्या धाकट्या भावालाही पाठवतो.

ताई, घेतल्यावर एकदम हंपीत चालू करू नका. एका रविवारी पांडवलेण्यांवर जा, १८ नंबरचं चैत्य बघितलंय ना, आत जाताना उजेड एकदम पडतो, अगदी हंपीसारखीच परीक्षा. फ्लॅश बंद, मोड ए वर (एफ आपण ठरवायचा, शटर कॅमेरा ठरवतो), एफ १.८, आयएसओ ऑटो पण कमाल ३२०० ला बांधून ठेवा. स्तूपावर फोकस करून भिंतीला टेकून काढा. पुरातत्व खात्याच्या ठिकाणी ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, त्यामुळे टेकायची सवयच लावून घ्या.

रीळवाला | बुधवार, रात्री १०:४०

अजून एक राहिलं. हंपीला विरूपाक्ष मंदिरात मागच्या बाजूला एक अंधारी खोली आहे, भिंतीत बारीक झरोका. समोरच्या मोठ्या गोपुराची प्रतिमा त्या झरोक्यातून आत येऊन भिंतीवर उलटी पडते. कॅमेरा हा शब्दच लॅटिनमधल्या "अंधारी खोली"वरून आला, आणि इथे दगडात बांधलेली ती खोली आहे. ऊन गोपुरावर असेल तेव्हाच दिसतं, तिथल्या माणसाला विचारा, दाखवतात. लेकीला नक्की दाखवा. मी १९९४ ला गेलो होतो, रीळ १०० आयएसओचं, ट्रायपॉड नाही, फोटो आला नाही.

गोदाकाठ | शनिवार, रात्री ९:२० (३ जानेवारी)

मंडळी, परत आलो. आधी सविस्तर लिहायचं होतं पण शाळा सुरू झाली.

कॅमेरा घेतला होता, २७ हजारात दिला, पावतीवर नंबर लिहून घेतला. पांडवलेण्यांवर दोन रविवार गेलो. पहिल्या रविवारचे सगळे फोटो हलले, कारण मी हात लांब करून फोनसारखा धरत होते. दुसऱ्यांदा व्ह्यूफाइंडर डोळ्याला लावला, कोपरं छातीला टेकवली आणि फरक लगेच दिसला. हे कुणी पुस्तकात वाचून सांगितलं असतं तर पटलं नसतं.

हंपीत पाच दिवसांत ६४० फोटो, तीन बॅटऱ्या पुरल्या. फोन दिवसभर मॅपला मोकळा, कुणाची चिडचिड नाही. विठ्ठल मंदिरातला दगडी रथ सासूबाईंनी आधी ५० च्या नोटेवर दाखवला मग समोर, त्याचा फोटो त्यांनी स्वतः काढलाय, थोडा वाकडा आहे, तसाच ठेवलाय. बदामीला ३ नंबरच्या लेण्यातला विष्णू १/२० ला आला, आयएसओ २०००, दगडाचा तांबूस रंग जसाच्या तसा. कमी पडलं ते झूम, गोपुरांच्या वरच्या थरातली शिल्पं ७० एमएमला जवळ येत नाहीत, तेव्हा दुर्बिणीतून बघितली. धूळ खूप होती, जुनं_नाशिक यांचा ब्रश रोज वापरला.

आणि रीळवाले काका, ती खोली. आम्ही सकाळी साडेनऊला गेलो. लेक आधी म्हणाली, "काहीच नाहीये इथे." डोळे सरावायला मिनिटभर लागलं आणि मग भिंतीवर गोपूर दिसायला लागलं, कळस खाली, दार वर. सासूबाई काही बोलल्याच नाहीत, हात जोडून उभ्या राहिल्या. मी कॅमेरा कोनाड्यात ठेवला, २ सेकंदाचा टायमर, आयएसओ ४००, शटर २ सेकंद. सासूबाई पण फ्रेममध्ये आल्यात, भिंतीवरच्या गोपुराच्या बाजूला, त्या इतक्या स्थिर उभ्या होत्या की दोन सेकंदातही हलल्या नाहीत, चेहरा स्पष्ट आहे.

तो फोटो १२ बाय १८ मध्ये छापायला दिलाय. दोन प्रती. एक तुमच्यासाठी आहे काका, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रीळवाला | रविवार, सकाळी ६:५०

पत्ता पाठवला. मॅट कागदावर छापून घ्या, ग्लॉसीवर अंधारातला भाग चकाकतो.

पाणपक्षी | रविवार, सकाळी ८:०५

गोदाकाठ, पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला चापडगाव मनोऱ्याखाली. पी९०० मी आणते, तुम्ही दुर्बीण आणि सासूबाईंना आणा, स्वेटरशिवाय येऊ नका.